सांभाळायला दिलेला मुखवटा

अख्ख्या सिंगापुरात दाराच्या बेलवर एवढा जीव असलेला माणूस दुसरा नसेल. सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये हे रिटायर चीफ इंजिनियर माझ्या वरच्याच मजल्यावर एकटे राहायचे. बेल वाजली की आधी इस्त्रीचा शर्ट घालणार, केस विंचरणार, मगच दार उघडणार. आणि दारात मी, बोटींच्या यार्डातला वेल्डर. त्यांचा चेहरा पडायचा. त्यांची चूक नाही, मला बघून माझ्या आईचाही पडायचा.

साहेब एका पुतण्याची वाट बघत होते. तोही स्वतःचा नव्हे. बोटीवर त्यांच्या हाताखाली आफ्रिकेतल्या झाईरचा एक ऑइलमन होता, इंजिनाचं तेलपाणी बघणारा, लेगा जमातीचा. तो आजारात गेला, जाताना घराण्यातला लाकडी मुखवटा साहेबांकडे ठेवून गेला. तळहाताहून जरासा मोठा, पांढरी माती फासलेला, खाली सुतळीसारखी दाढी. त्या लोकांचं एक मंडळ असतं, त्यात दीक्षा घेत पायरी पायरीनं वर चढायचं. धनी गेला की घरातलं कुणी त्या पायरीला पोचेपर्यंत त्याचा मुखवटा दुसऱ्यानं सांभाळायचा. त्या ऑइलमनचा पुतण्या पोचला की मुखवटा न्यायला येणार होता. मी चौथीची पायरी दोनदा चढून दोनदा घसरलेला, त्यामुळे उशीर का होतोय ते मला लगेच कळलं.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मी तो शिमग्याच्या सोंगासारखा तोंडालाच लावला. नाकावर अडकला, दाढी तोंडात गेली.

"काढ तो," साहेब म्हणाले. "तो हातात धरतात, दंडाला बांधतात, कुंपणाला टांगतात."

"मग आत कोण असतं?"

"कुणी नाही. त्याच्याकडे नुसतं बघायचं."

मग दर रविवारी मी जाऊन त्या दोघांकडे बघत बसायचो. बोलायचो मी एकटाच.

मेलबर्नहून मुलगा फोन करायचा, बाबा, इकडे या. साहेब म्हणायचे, "त्याला पत्ता इथला दिलाय." पुढे झाईरमध्ये लढाई पेटली. साहेब टीव्हीचा आवाज बंद करून पळणाऱ्या माणसांचे चेहरे बघत बसायचे.

शेवटी पाय गेले आणि मुलगा न्यायला आला. निघताना मला वर बोलावून साहेबांनी मुखवटा हातात दिला.

"ठेव. पण तुझा नाही."

"माझं असं माझ्याकडे आहे काय, साहेब? आणि तो आलाच नाही तर?"

त्यांनी माझ्या हातातल्या मुखवट्याची दाढी बोटानं सरळ केली. "तर तुझ्यानंतर कुणी ठेवायचा, ते ठरवून ठेव."

टॅक्सी गेल्यावर मी चहा टाकला आणि ठरवायला बसलो. चहा गार झाला, तरी एक नाव सुचलं नाही.