जिन्यावरचा रिले आणि मॅडमची बदली

जळगावातल्या आमच्या घरात, जिन्याच्या वरच्या कोनाड्यात एक रिले चालतो. दिसायला पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक. त्याला पडदा नाही, पंखा नाही. वीज झिरोच्या बल्बाइतकी खातो. लाइट गेली की इन्व्हर्टरवर निवांत चालत राहतो. मे महिन्यात मात्र त्याचं झाकण काढून ठेवावं लागतं.

त्याचं काम साधं आहे. ज्यांना आपली ओळख न सांगता इंटरनेट वापरायचं असतं, त्यांची माहिती जगभरच्या स्वयंसेवकांच्या तीन संगणकांतून पुढे जाते. आमचा संगणक त्यातला मधला. एसटीच्या कंडक्टरकडे पार्सल दिलं तर ते कुठल्या स्टँडवर घेतलं आणि कुठल्या स्टँडवर उतरवायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं. मधल्या संगणकाचंही तसंच. आत काय आहे, मुळात कोणी पाठवलं, शेवटी कोणाकडे जाणार, यातलं काही त्याला कळत नाही. मलाही कळत नाही.

माझी नोकरी बरीचशी धुळ्यात, वर्तमानपत्रात झाली. बातमीची कागदपत्रं आणून देणारी माणसं तेव्हा ऑफिसात येत नसत, चहाच्या टपरीवर भेटत. पुढे कोणी कोणाला फोन केला हे शोधणं सोपं झालं आणि ती माणसं गप्प बसू लागली. निवृत्तीनंतर रिले लावला तो यासाठी.

रिलेला इंटरनेटवरचा कायमचा पत्ता लागतो. तो मागितला तेव्हा केबलवाल्याने विचारलं, “कॅमेरे बसवले का आबा?” कायमचा पत्ता मागणारी त्याची गिऱ्हाइकं म्हणजे कॅमेरेवाले, नाहीतर व्यापारी. मी खरं काय ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अर्जावर ‘कॅमेरे’ लिहिलं.

खालच्या मजल्यावर भाड्याने एक शिक्षिका राहत होत्या. सोबत त्यांची आई. भाड्यात पाणी आणि वायफाय धरलेलं, त्यामुळे दोन्ही मजल्यांना वायर एकच. मॅडमची शाळा यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. जाऊन-येऊन दिवस बसमध्ये जायचा. नवरा चाळीसगावला दुकान सांभाळायचा आणि पहिलीतली मुलगी त्याच्याजवळ असायची. त्या वर्षी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदल्या निघाल्या. हव्या त्या शाळांचा पसंतीक्रम पोर्टलवर भरायचा होता. जो भरणार नाही, त्याला उरलेली शाळा मिळणार होती, आणि उरतात त्या शाळा डोंगरातल्या.

पोर्टल उघडेना. मॅडम पहाटे उठून बसायच्या, कारण त्या वेळी गर्दी कमी असते असं सगळे शिक्षक धरून चालतात. तरी उघडेना. शिक्षकांच्या ग्रुपवर विचारलं की उत्तर ठरलेलं: सर्व्हर डाऊन, धीर धरा. दरवर्षी सर्व्हर खरंच डाऊन असतो, त्यामुळे यावर कोणी दुसरा विचार करत नाही. मॅडमही धीर धरून राहिल्या. शाळेत मोबाइलला रेंज नव्हती, आणि गच्च बसमध्ये एवढा अर्ज भरणं जमण्यासारखं नव्हतं. घरात आल्या की फोन आपोआप वायफायला जोडला जायचा.

शेवटच्या दिवशी त्यांनी रजा टाकली. दुपारी लॅपटॉप घेऊन त्या वर आल्या. ग्रुपवर एकेकाचं ‘झालं’ येत होतं आणि त्यांचं होत नव्हतं.

“भाऊ, तुम्ही ओळखीत कोणाला फोन लावून बघता का? सर्व्हर कधी सुरू होणार तेवढं विचारा.”

मी आधी पडद्यावरची ओळ वाचली. सर्व्हर व्यस्त आहे असं त्यात लिहिलेलं नव्हतं. ‘आपणास प्रवेशाची परवानगी नाही’ असं लिहिलं होतं. मॅडमनी ती ओळ आठवडाभर पाहिली होती, पण पोर्टल उघडलं नाही की सर्व्हरच, हे डोक्यात पक्कं असल्याने तिचा अर्थ कोणी लावला नव्हता.

त्यांच्या फोनचं वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर तेच पान उघडलं. ते लगेच उघडलं.

कारण माझ्या लक्षात आलं. रिलेंचे पत्ते जाहीर असतात. काही संकेतस्थळं गैरवापराच्या धास्तीने ती यादी उचलतात आणि त्यातला प्रत्येक पत्ता बंद करून टाकतात. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त शेवटचा रिले, पण मधला कोणता, शेवटचा कोणता, हे ती पाहत नाहीत. वायर एकच, म्हणून मॅडमही रिलेच्याच पत्त्यावरून पोर्टलचं दार वाजवत होत्या.

आधी लॅपटॉप फोनच्या नेटला जोडला आणि पसंतीक्रम भरून घेतला. गावांची नावं त्यांना पाठ होती. पावती आल्यावर मी जे होतं ते सांगितलं. मॅडमची आई पायरीवर बसून ऐकत होती.

“म्हणजे बठ्ठी दुनिया तुमना घरमाईन जास,” ती अहिराणीत म्हणाली, “आन् मन्ही पोर तेवढी अडकनी?”

मी हो म्हणालो; सगळी दुनिया जाते, तिचीच पोर अडकली.

“कोन जास, ते तरी माहीत शे का तुमले?”

नाही म्हणालो. ती हसली, पण बरं वाटावं असं ते हसणं नव्हतं. मॅडमनी आईला गप्प केलं आणि विचारलं, “अजून पसंतीक्रम दुरुस्तीची फेरी असते. तोपर्यंत हे बंद ठेवाल?”

त्याच दुपारी रिले बंद केला. पत्त्यावरची बंदी लगेच उठली नाही, म्हणून मॅडम पोर्टलसाठी मोबाइलचंच नेट वापरत राहिल्या. त्या दिवसांत रिलेवाचून कोणाचं अडलं का, हे कळायचा मार्ग नव्हता. मॅडमचं अडलेलं मात्र रोज जिन्यात दिसायचं. शाळेतून आल्या की चप्पल काढण्याआधी फोन पाहायच्या.

बदलीचा आदेश आला. शाळा चाळीसगाव तालुक्यातली मिळाली. पहिल्या पसंतीची नव्हती, पण चाळीसगावच्या घरून स्कूटीवर जाण्यासारखी. आईने पेढा आणून दिला आणि उभ्या उभ्या म्हणाली, “आते चालू करा तुमनं. मन्ही पोर सुटनी.”

मॅडम चाळीसगावला राहायला गेल्या, तरी मी रिले लगेच चालू केला नाही. नवे भाडेकरू रावेरचे. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. वायफाय भाड्यात आहे का, हे त्यांनी पाण्याच्याही आधी विचारलं. आहे म्हणालो, पण खालच्या मजल्याची वायर वेगळी असेल. केबलवाल्याला बोलावून वेगळ्या पत्त्याची दुसरी जोडणी घेतली. ती बसली, त्यांच्या फोनवर बँकेचं पान उघडून पाहिलं आणि मग वर जाऊन रिलेचं बटण दाबलं.