कारखान्याच्या वाटचा गाळ

आमच्या केळव्याच्या वाडीत नारळांना काही तोटा नाही. तरी बोईसरच्या एका कारखान्यानं माझ्या लेकीचा सत्कार ठरवला, तो शाल आणि नारळ देऊन! मला हसूच आलं. लेक मात्र हसली नाही. म्हणाली, "आई, जाऊन येऊ. तिथंच सांगून टाकते, आता माझ्यानं होणार नाय."

काय होणार नाही, ते सांगते. पूर्वी ती बोईसरच्या बाजूला नोकरीला होती. रसायनाचं पिंप काट्यावर चढलं की वजन वाचून आपोआप लेबल छापायचं, असा प्रोग्राम तिनं घरी बसून लिहिला आणि इंटरनेटवर मोकळा ठेवला. कुणीही घ्या, वापरा, आत काय लिहिलंय ते वाचा, हवं तर बदला. ओपन सोर्स म्हणतात त्याला. हे मी तिच्या शेजारी सुपारी सोलता सोलता शिकले, शाळेत नाही. बोईसर-तारापूरच्या किती कारखान्यांत ते गेलं, तिलाही ठाऊक नाही. आम्हाला ठाऊक तो फोन. हातात घास असला की नेमका वाजणार. "ताई, काटा नवीन घेतलाय, लेबल कोरंच येतंय!" तिकडं गाडी गेटवर उभी, लेबलाशिवाय पिंप हलत नाही. ही घास ठेवून उठणार. बदल्यात काय हवं, कुणी विचारलं नाही आणि हिनं मागितलं नाही. आता पुण्याची नोकरी आली होती, आणि तिथं बाहेरचं काम करायला बंदी. ती गेली की मागं बघणारं कुणी नव्हतं. हातानं वाढवलेलं काम टाकायचं म्हणून तिला जेवण गोड लागेना.

सत्कार कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये झाला. मॅनेजरसाहेब 'निःस्वार्थ सेवा, निःस्वार्थ सेवा' असं बरंच बोलले आणि वर म्हणाले, "मावशी, तुम्हीही दोन शब्द बोला." मला काय, तेवढंच हवं होतं.

"साहेब, आमच्या वाड्यांना पाणी देणारा एक पाट हाय. पाणी सगळ्यांचं, विकत कुणी घेत नाय. पण पावसाळा सरला की ज्याची ज्याची वाडी त्या पाण्यावर, तो फावडं घेऊन गाळ काढायला येतो. ज्याला जमत नाय तो माणूस पाठवतो, त्याची मजुरी भरतो. तुमच्या वाटचा गाळ इतकी वर्षं माझी लेक एकटी काढते. आणि तुमी तिला नारळ देताय, तोसुद्धा केळव्याच्या माणसाला!"

कॅन्टीन हसलं. मागून स्टोअरवाले भैया म्हणाले, "अम्मा ठीक कह रही हैं, साहब. ये बंद हुआ तो लेबल हाथ से लिखेंगे क्या?"

मॅनेजर माणूस मोकळा. म्हणाले, "मला वाटलं, फुकट आहे म्हणजे द्यायचंच नसतं. बरं, एकदाच घसघशीत देऊन टाकू."

"एकदा काढलेला गाळ जन्माला पुरतो काय?"

"दर वर्षी देऊ, मावशी. पण मग प्रोग्राम आमच्या एकट्याचा. शेजारच्यांना कशाला?"

खरं सांगते, मी मान हलवणारच होते. लेकीनं माइक घेतला. "नाय साहेब. शेजारच्या कारखान्यातल्या मुलीनं त्यातली एक चूक शोधून दुरुस्त केली, ती दुरुस्ती आज तुमच्याही लेबलांना चालते. पाट अडवलात तर तुमच्याकडंही पाणी यायचं नाय."

साहेबांनी क्षणभर भैयांकडं पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि शेजारच्या कारखान्यालाच लावला. "अहो, लेबलांचा तो प्रोग्राम तुम्हीही वापरता ना? मग चला, वाटा उचला!"

असे तीन कारखाने जमले. दर वर्षी मिळून द्यायचं ठरलं, तसं कागदावर झालं, आणि लेकीनं पुण्याला नाही म्हणून कळवलं. सत्काराच्या नारळाची मी चटणी केली. तिनं दोनदा मागून घेतली.

परवा जेवताना पुन्हा फोन वाजला. कुठला तरी नवाच कारखाना, वाटा न दिलेला. मी म्हटलं, "ह्याचं कशाला करतेस?" लेक म्हणाली, "आई, गाळ काढायला न येणाऱ्या शेवटच्या वाडीचं पाणी तू कधी तोडलंस?" आणि फोनवर सांगितलं, "जेवून करते, दादा. होईल तुमचं."

मी फोन तिच्या हातातून घेतला. "होईल हां. पण पुढल्या खेपेला फावडं घेऊन या."

तिकडून हळूच आवाज आला, "राँग नंबर लागला काय?"