दुपारची सुटी

फोन माझ्या भाचीचा होता. ऋचा दुबईत वाढली, आता पुण्यात कॉलेजात आहे. "मावशी, बाबा इज नो मोअर," एवढंच म्हणाली, आणि मग नुसते हुंदके... दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी रिसीव्हर धरून उभी होते. रडू आलं नाही. आठवला तो त्यांचा आवाज. मनोहर कारखानीस, माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. इतकं सुंदर बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि इतका निर्दयही. आता काही आठवडे लोटल्यावर दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहायचा धीर होतोय.

भाओजी सत्तरच्या दशकात कामगार-संबंध शिकायला इंग्लंडला गेले होते. खाणकामगारांच्या संपामुळे वीज जायची, कारखाने आठवड्यातले तीनच दिवस चालायचे, आणि भाओजी मेणबत्ती लावून, अंगावर ओव्हरकोट घालून अभ्यास करायचे, मनातून त्या खाणकामगारांच्या बाजूने. पुढे पुण्यात प्राध्यापक झाले, आणि नव्वदीच्या सुरुवातीला दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या, लोखंडी टाक्या बनवणाऱ्या एका फॅब्रिकेशन यार्डात पर्सोनेल मॅनेजर म्हणून इकडे आले. पगार दिरहॅममध्ये सांगायचे आणि लगेच रुपयांत. पण शिकवायची भूक सुटली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी ऊद मेथातल्या एका हॉलमध्ये ते आम्हा मराठी मंडळींना युद्धानंतरचं ब्रिटन समजावून सांगत. पंतप्रधान युनियनच्या पुढाऱ्यांना घरी बोलावून खाऊ-पिऊ घालायचे, पगारवाढ रोखायचे करार व्हायचे, ते मोडायचे, मग एका हिवाळ्यात रस्त्यावर कचऱ्याचे ढीग साचले आणि लोकच कंटाळले... पुढे नव्या पंतप्रधान बाईंनी आधी कोळशाचे साठे केले आणि मगच खाणकामगारांना अंगावर घेतलं. काही खाणी चालूच राहिल्या, कामगारांची फूट पडली, आणि वर्षभराने उरलेले रिकाम्या हाताने कामावर परतले. एवढं सांगून भाओजी खडू खाली ठेवायचे.

त्यांच्याच यार्डातला मयेकर नावाचा मालवणचा फिटर कुणाच्या तरी पिकअपमधून या व्याख्यानांना यायचा. एकदा त्याने विचारलं, "सर, त्या लोकांचं चुकलं काय?"

"एकत्र राहिले नाहीत," भाओजी म्हणाले. त्या रात्री मयेकर ताईकडे जेवला. ताईने त्याला डब्यात आमटीही बांधून दिली.

पुढच्याच उन्हाळ्यात यार्डात एक हेल्पर भर दुपारी टाकीच्या आत वेल्डिंगला हातभार लावत असताना कोसळला आणि गेला. दुसऱ्या दिवशी कामगारांच्या कॅम्पमधून कुणीच बसमध्ये चढलं नाही. मागणी एकच होती, उन्हाच्या तासांत दुपारची सुटी. बोलायला पुढे झाला मयेकर. मालक पोलिसांना बोलवायला निघाला होता. भाओजींनी त्याला थांबवलं.

पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, ताईच्या जेवणाच्या टेबलावर. ते रंगून सांगत होते. मयेकर आणि त्याच्या सोबत्यांना रोज ऑफिसात बोलावलं, एसीत बसवलं, चहा-समोसे दिले, "इन्शाल्ला, तोडगा निघेल" म्हणत राहिले. तेवढ्या दिवसांत दुसऱ्या यार्डातून माणसं आणून तातडीची ऑर्डर काढून घेतली. मग कॅम्पमधल्या दोन मेसपैकी एकाच मेसमध्ये जेवणाऱ्या कामगारांना दुपारची सुटी जाहीर केली. ती माणसं बसमध्ये चढली. चार शिव्या झाल्या, दोन डोकी फुटली आणि दुसरी मेसही हळूहळू आली. बोलायला पुढे झालेल्यांचे व्हिसा कॅन्सल होऊन त्यांची परतीची तिकिटं निघाली. महिन्याभरात पहिल्या मेसची सुटीही जाणार होती.

"अहो, मग त्या व्याख्यानांचं काय?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"व्याख्यान दोन्ही बाजूंना उपयोगी पडतं," भाओजी हसून म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. ताईने घेतला. मयेकर एअरपोर्टवरून बोलत होता. तिने रिसीव्हरवर हात ठेवला. "तो म्हणतोय, आमच्यातलं नक्की कोण फुटलं ते सरांना ठाऊक असेल."

भाओजींनी नकारार्थी मान हलवून खुणावलं... घरी नाहीत म्हणून सांग. आणि कोशिंबिरीचं भांडं पुढे ओढलं. ताई खोटं बोलली. त्या दिवसापासून तिने त्यांच्याबरोबर एका टेबलावर जेवणं सोडलं. ते त्यांच्या ध्यानातही आलं नसावं.

काही वर्षांनी यार्ड विकलं गेलं. नव्या मालकाने भाओजींना सल्लामसलतीला बोलावलं, कौतुक केलं, आणि तेवढ्यात तिकडे त्यांच्या खुर्चीत दुसरा माणूस बसवला. "चहा आला तेव्हाच ओळखलं. खलास!" मला सांगताना ते चक्क खूश होते, पोरगा आपल्या वळणावर गेल्यासारखे.

पुण्याला परतल्यावर त्यांना अर्धांगवायू झाला. गेल्या हिवाळ्यात मी भेटायला गेले. शब्द अडखळत होते, डोळे मात्र पूर्वीसारखेच. दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बायका त्यांचं सगळं करायच्या. त्या दोघी मिळून ताईकडे आल्या, आठवड्यातून एक दिवस सुटी हवी म्हणून. भाओजींनी खुणेने ताईला जवळ बोलावलं. ओठ वाकडे करत, एकेक शब्द ओढत म्हणाले, "एकेकीला... वेगळं... बोलव."

ताई वळली आणि दोघींना एकदमच म्हणाली, "रविवारी येऊ नका. दोघीही."

रविवारी त्यांची कूस बदलायला ताई एकटीच असे. तिच्याने ते उचलले जात नसत. तिला धाप लागली की भाओजी तिच्याकडे बघून हसायचे, अर्ध्या तोंडाने. ते गेले तेही रविवारीच. ताई सांगते, "शेवटी काहीतरी म्हणत होते. मी कान नेला नाही."

दोघी बायका सोमवारी कामावर आल्या. ताईने त्यांना परत पाठवलं नाही. अजून येतात. भाओजींच्या खोलीत बसून तिघी एकत्र जेवतात.