मिठाच्या धुक्याचे पाचशे तास

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मी सहा वर्षं पत्र्यांची गंजचाचणी केली. बंद पेटीत मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं, त्यात रंगीत पत्र्याचे तुकडे तिरपे उभे करायचे आणि पाचशे तास वाट पाहायची. पत्रा उघड्यावर किती टिकेल, याचा अंदाज त्यावरून बांधला जाई.

काम शिकवलं भाऊंनी. ते धुळ्याकडच्या सोनगीरचे, अहिराणी बोलणारे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. बुधवारी वसाहतीची वीज बंद असे आणि माझी सुट्टीही बुधवारीच. पेटीचं काय, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. जनरेटर लावतो, म्हणाले. पुन्हा विचारलं नाही.

असोद्याचे आबा, म्हणजे माझे थोरले काका, गोठ्यावर पत्रे टाकणार होते. दुकानदाराने दाखवलेल्या अहवालावर त्यांना माझी सही दिसली. बाकी काही न पाहता त्यांनी पत्रे उचलले आणि पुतण्याने पास केलेला माल आहे, असं गावभर सांगितलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर कडांना रंगाखाली फोड आले. मग गंजाचं पाणी म्हशींच्या पाठीवर ठिबकू लागलं. आबांकडे एक न वापरलेला तुकडा उरला होता. तो मी पेटीत ठेवला आणि दर बुधवारी स्वतः जनरेटर लावला. चारशे विसाव्या तासाला फोड दिसले.

मी जुनी वही काढली. पेटीला ती चालू असतानाचेच तास मोजणारा मीटर आहे. त्या चाचणीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा माझ्याच अक्षरात होता. वजाबाकी मी कधी केली नव्हती. ती तीनशे सत्त्याऐंशी आली.

वही आणि त्या चाचणीचा अहवाल भाऊंपुढे ठेवला. मंगळवारी संध्याकाळी पेटी बंद करून ती गुरुवारी लावत असल्याचं त्यांनी नाकारलं नाही. जनरेटरचा आवाज डोक्यात जातो, म्हणाले. शिवाय इथे कुठे समुद्र आहे, मिठाला इतकं काय भ्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

"आठे समुद्र शे का? मिठाना इतला काय धाक?"

मी गोठ्याचं सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग अहवाल माझ्याकडे सरकवला.

"सही तुनी शे ना, भो?"

त्या रविवारी मी असोद्याला जाऊन सगळं सांगितलं, वजाबाकीसकट. आबांनी ऐकून घेतलं आणि ते म्हशींना पाणी दाखवायला उठले.

यंदा त्यांनी नवे पत्रे धुळ्याहून आणले. कोणते घ्यावेत, हे मला विचारलं नाही. चढवायच्या दिवशी मात्र बोलावलं. शिडी धरायला माणूस हवा होता.