सान्तोसला दिलेला शब्द

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी मोडनिंबला हायवेवर आम्ही चौघं उभे होतो. आप्पा, आई, दादा आणि मी. सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीवरून दादानं मित्राची जीप आणली होती. मुंबईची बस फार वेळ थांबत नाही, म्हणून आई सारखी रस्त्याकडे बघत होती. आप्पांनी सकाळी मेंढरं चुलत्याच्या हवाली केली होती. हातात काठी नव्हती, त्यामुळे हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. ते कधी फेट्याला लावत, कधी पाठीमागं बांधत.

बस लांबून दिसली तेव्हा ते म्हणाले, "तितं मेंढरं हायती न्हवं?"

"हायती की आप्पा. लई हायती."

"मग भ्यायचं काय कारन न्हाय."

आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. दादा तेव्हा चिंचोळी एमआयडीसीत नुकताच लागला होता आणि कंपनीचा शर्ट घालूनच आला होता. त्यानं माझी बॅग वर चढवली, खाली उतरला आणि म्हणाला, "हितली काळजी करू नगंस. हितलं मी बगतो." त्याचं ते वाक्य मला तेव्हा फार आधाराचं वाटलं होतं.

मी जनावरांची डॉक्टर. पुढचं शिक्षण मेंढ्यांच्या आजारांवर घ्यायला निघाले होते, आणि पोचले वायोमिंगला. गावाकडच्यांना अमेरिका म्हटलं की उंच इमारती दिसतात. मला दिसला तो माळ. राखी रंगाची खुरटी झुडपं, वारा, लांबवर डोंगर आणि मैलोगणती माणूस नाही. माणदेशाकडं तोंड करून उभं राहिल्यासारखं वाटायचं, फक्त थंडी हाडात शिरायची. ज्या गावात मी राहिले तिथं एक शाळा, एक चर्च, पशुखाद्याचं एक मोठं दुकान आणि मेंढ्यांचे कळप पाळणारी काही रँच होती. मेंढ्यांचे मालक अमेरिकन. मेंढ्यांमागं चालणारी माणसं मात्र दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची.

हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. पेरूच्या उंच डोंगरातले धनगर तीन-तीन वर्षांच्या करारावर तिकडं येतात. उन्हाळ्यात कळप घेऊन पहाडात चढतात, चाकांवरच्या एका छोट्या खोलीत एकटे राहतात, दोन कुत्री आणि एक घोडा एवढीच सोबत. आठवड्यातून एकदा रँचवरून कुणीतरी खाणंपिणं पोचवून येतं. पहिल्यांदा मी त्यांच्यातला एक माणूस उतारावर पाहिला तेव्हा तो पाठमोरा होता. डोक्यावर लोकरीची टोपी, खांद्यावर घोंगडीसारखं काहीतरी, आणि चालणं असं की पाऊल मेंढरांच्या अंगावर पडू नये म्हणून जरा बाजूनं टाकलेलं. मी गाडी थांबवली. आप्पा असे चालायचे.

त्या माणसाचं नाव सान्तोस. पन्नाशीचा, बुटका, हसला की डोळे मिटणारा. मेंढरांमागं चालता चालता त्याच्या हातात सुया असायच्या आणि टोपी विणून होत असायची. मी त्याला सांगितलं की माझे वडीलही चालता चालता चातीवर लोकर कातायचे. माझं स्पॅनिश तेव्हा अगदी कच्चं होतं, म्हणून मी हातानं चाती फिरवून दाखवली. त्यानं ती लगेच ओळखली. माझं वनिता हे नाव त्याला जमेना. त्याचं त्यानं बोनिता केलं, आणि मग सगळेच मला बोनिता म्हणायला लागले. त्याचा अर्थ सुंदर असा होतो, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

आमच्या गावात अमेरिकन आणि पेरूची माणसं वर्षातून एकच दिवस खऱ्या अर्थानं एकत्र यायची. जूनमध्ये, कळप पहाडात चढायच्या आधीच्या रविवारी, शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉलची मॅच व्हायची. ती सुरू केली होती नेलिदानं. नेलिदा मूळची पेरूची. लहानपणी गल्लीत दोन घरांमध्ये दोरी बांधून खेळलेली, आणि बायकांची राष्ट्रीय टीम खेळायची तेव्हा अख्खी गल्ली एका टीव्हीसमोर बसलेली पाहिलेली. लग्न करून वायोमिंगला आली आणि शाळेतल्या मुलींची कोच झाली. तिच्या हाताखाली पिवळ्या केसांच्या, सहा-सहा फुटी मुली "मिआ, मिआ" ओरडत बॉलखाली धावायच्या. मिआ म्हणजे माझा. त्या मुलींना स्पॅनिशचा दुसरा शब्द येत नव्हता.

नेलिदानं मला सांगितलं होतं की पूर्वी पेरूची माणसं गावात आली की खाद्याच्या दुकानामागं उकिडवी बसून राहायची. कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही, आणि त्यांनाही कुणाशी बोलता यायचं नाही. एके दिवशी तिनं दुकानामागं दोरी बांधली आणि बॉल टाकला. पुढच्या वर्षी दुकानदाराचा मुलगा आला, त्याच्या पुढच्या वर्षी मास्तर आले. आता मॅचनंतर एका टेबलावर अमेरिकन बायकांनी भाजून आणलेले अ‍ॅपल पाय असायचे आणि शेजारी नेलिदाचे उकडलेले बटाटे, वर पिवळ्या मिरचीची आणि चीजची दाट चटणी. मीही गावाकडं आमच्या शाळेच्या टीमकडून ग्रामपंचायतीसमोरच्या मैदानात व्हॉलीबॉल खेळलेली. पहिल्या वर्षी मी नुसती बघायला गेले, तर एका म्हातारीनं मला पेरूची समजून त्यांच्या बाजूला नेऊन बसवलं. मी तिथंच बसले.

पण मॅचची मुख्य गोष्ट पुढं आहे. त्याआधी आप्पा गेले.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रबंध द्यायचा होता. दर रविवारी मी घरी फोन करायचे. आप्पा फोनवर कधी फारसे बोलत नव्हते, त्यामुळे ते "झोपलेत", "रानात गेलेत" हे ऐकून मला काही वाटलं नाही. प्रबंध दिल्यानंतरच्या रविवारी दादाचा फोन आला. आप्पा जाऊन नऊ दिवस झाले होते. दोन महिने सोलापूरच्या दवाखान्यात होते.

"आप्पाच म्हनले, तिला कळवू नगा, ती अर्ध्यात निगून यील," दादा म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तू कोण ठरवणार, हे मात्र मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. हितलं मी बगतो म्हणाला होतास, हे असं बघितलंस का, असंही म्हणाले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. आईशी बोलायचे, आणि मागून त्याचा आवाज आला तर फोन ठेवायचे. मेंढरं विकली, हेही मला आईकडून कळलं.

गावी गेलेच नाही. तिथंच नोकरी धरली. पहाडात कळप तपासायला जायचे तेव्हा उतारावर कुणीतरी पाठमोरं चालताना दिसायचं आणि जवळ गेलं की झुडूप निघायचं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या जूनमध्ये मॅचच्या दिवशी सान्तोस माझ्याजवळ आला. तो त्यांचा सेटर, बॉल वर उचलून देणारा. त्याच्या बोटांवरून बॉल असा सुटायचा की मारणाऱ्यानं फक्त हात लावायचा. पहिला सेट खेळून तो बाहेर आला, मला म्हणाला, "बोनिता, आज माझ्या जागी तू खेळ." मला वाटलं, हा माझा मान आहे. मी बूट बांधले आणि मैदानात गेले. समोर दुकानदाराचा मुलगा, शाळेचे मास्तर, सगळे आडदांड. आम्ही तो सेट जिंकलो. लोकांनी मला पाठीवर थापा मारल्या. मी वळून सान्तोसकडे पाहिलं तर तो बाकावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, हसत होता. तो धापा टाकत होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी मी त्याच्या कळपाकडे गेले. काही मेंढ्या लंगडत होत्या म्हणून मला बोलावलं होतं. त्यांचे खुर साफ केले, औषध दिलं. मेंढी धरून ठेवताना सान्तोस मध्येच खाली बसला. ओठ निळसर झाले होते. पायावरचे मोजे वर केले तर घोट्याला सूज. मी जनावरांची डॉक्टर असले तरी हृदयाचं दुखणं मला कळतं.

"आज माझ्याबरोबर खाली चल," मी म्हणाले.

"मालकाला कळलं तर मला घरी पाठवतील. पुन्हा बोलावणार नाहीत," तो म्हणाला. "ऑक्टोबरमध्ये करार संपतोय. मग मी जाणारच आहे. येसिका शाळेच्या टीममध्ये आलीय. मी तिला खेळताना अजून पाहिलेलं नाही."

येसिका ही त्याची मुलगी, सतरा वर्षांची.

"तिला तरी सांग."

"ती शाळा सोडून आईजवळ बसेल. तू कुणालाच सांगू नकोस, बोनिता. शब्द दे."

मी बराच वेळ वाद घातला. मग शब्द दिला. का दिला, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ वेळा दिलंय आणि दरवेळी वेगळं दिलंय. तो मोठा माणूस होता, त्याचं आयुष्य त्याचं होतं, हे एक उत्तर. दुसरं असं की तो उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होता, आणि त्या नजरेला नाही म्हणणं मला जमलं नाही. खाली येऊन मी अहवाल लिहिला. त्यात लंगडणाऱ्या प्रत्येक मेंढीची नोंद केली.

अठरा दिवसांनी जेवण पोचवायला गेलेल्या माणसाला सान्तोस ओढ्याजवळ सापडला. दोन्ही कुत्री त्याला सोडून हलत नव्हती. मेंढरं तिथंच, त्याच्याभोवती चरत होती.

मालक वाईट माणूस नव्हता. शाळेच्या मैदानाच्या कडेला उभा राहून तो रडला. त्यानं सान्तोसला घरी पाठवण्याची सगळी सोय केली. मॅच खेळणारी सगळी माणसं चर्चमध्ये आली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सान्तोसचं आडनाव मालकाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात येसिकाचा मला फोन आला. वडिलांच्या फोनमधले मॅचचे फोटो तिच्याकडे होते, त्यात मी होते.

"तुम्ही डॉक्टर आहात," ती म्हणाली. "बाबा आजारी होते का?"

"नाही," मी म्हणाले. "अचानक झालं."

तिनं आभार मानले आणि फोन ठेवला. मी तो फोन हातात धरून बसले आणि मला दादाचा आवाज ऐकू आला. आप्पाच म्हनले, तिला कळवू नगा.

पुढचे कित्येक आठवडे मला नीट खाता आलं नाही. पहाडावर जायला लागलं की मी कुणालातरी बरोबर घ्यायचे. उतारावर आता पाठमोरे दोघं दिसायचे. शेवटी मी नेलिदाला सगळं सांगितलं. ती मुलींचे बॉल पिशवीत भरत होती. भरता भरता थांबली.

"शब्द तू त्याला दिला होतास," ती म्हणाली. "तो गेला. आता त्या मुलीला खरं सांग."

"ती मला माफ करणार नाही."

"नाही करणार. माफी मागायला फोन करू नकोस. खरं सांगायला कर."

मी केला. येसिकानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती दिवस आधी?"

"अठरा."

"त्या अठरा दिवसांत मी त्यांच्याशी दोनदा बोलले," ती म्हणाली. "दोन्ही वेळा माझ्या बुटांबद्दल." मग फोन ठेवला. त्यानंतर तिनं माझा फोन कधी घेतला नाही. मी दर जूनमध्ये मॅचचा एक फोटो पाठवते. तो पाहिल्याची खूण येते. उत्तर येत नाही. ते यावं असं म्हणायचा मला हक्क नाही.

त्याच दिवशी, तिनं फोन ठेवल्यावर, मी दादाला फोन लावला. माझ्याकडे सकाळ होती, तो ड्युटी संपवून घरी येत होता. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मी सान्तोसचं सगळं सांगितलं.

मग तो म्हणाला, "मी फोन हातात घ्यायचो बग. चार-पाच येळा घेतला. आप्पा खाटंवरनं बगायचे. मग ठिवायचो." पुढं म्हणाला, "मला वाटलं हुतं तू शिव्या देशील. त्या दिल्यास. पर तू बोलायचीच थांबलीस."

आम्ही दोघंही काही वेळ रडलो. माफ केलं का, असं कुणी कुणाला विचारलं नाही. फोन ठेवताना त्यानं विचारलं, "त्या मानसाच्या मेंढरांचं काय झालं?" मी म्हणाले, दुसऱ्या माणसाच्या हवाली केली. तो म्हणाला, "बरं केलं."

जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको. मागं राहिलेली माणसं आपल्याला जपतात. आपली परीक्षा, नोकरी, व्हिसा, सगळं जपतात. जपता जपता हळूहळू आपल्याला घरातून वगळतात. आपणही त्यांना बर्फाचे फोटो पाठवतो आणि कुठं काय मोडलं ते सांगत नाही. दोन्हीकडची माणसं सुखात आहेत असं समजून दोन्हीकडची माणसं एकटी राहतात. पेरूच्या लोकांचंही तेच. सान्तोस मुलीला काय सांगायचा? थंडी कमी आहे, मेंढ्या गुणी आहेत, मॅच आम्ही जिंकली.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याच्याकडे सकाळचे सहा, माझ्याकडे अजून ऊन. या वेळेला तो कधी करत नाही. मी उभीच राहिले.

"वनू, आईच्या छातीत गाठ सापडलीया," तो म्हणाला. "तपासाय पाठवलीया. चार दिसांनी कळंल. आई म्हनली, पोरीला सांगू नगं. म्हनून बाहीर यिऊन बोलतोय."

मी कागद आणि पेन ओढून घेतलं. आणि त्या भीतीच्याच आत, सांगायला लाज वाटते, काहीतरी शांत झालं. इतक्या वर्षांनी वाईट बातमी माझ्यापर्यंत वेळेवर पोचली होती. मी तिथली होते.

"कोनत्या डाक्टरनं बगितलं?" मी विचारलं. अगदी गावाकडच्या आवाजात.

त्यानं नाव सांगितलं, रिपोर्टमधलं इंग्रजी एकेक अक्षर वाचून दाखवलं. मी लिहून घेतलं. मग तो म्हणाला, "तू ये असं मी म्हनत न्हाय."

"मी येतेय," मी म्हणाले. "आईला सांग."

"काय सांगू?"

"सांग, पोरीला कळलंय."