गुडघ्यावरचं चिंतन

माझ्या मामाने आयुष्यभर लोकांच्या पायाशी बसून काम केलं आणि त्याचा तोरा मात्र सिंहासनावर बसल्यासारखा. चपलाबुटांच्या एका जुन्या दुकानात तो विक्रेता होता. दुकानात त्याला सगळे ‘पायवाले काका’ म्हणत. गळ्यात फितीला अडकवलेला, बूट चढवायचा स्टीलचा शूहॉर्न, खिशात मोजपट्टी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हा एका गुडघ्यावर उतरायचा, बूट चढवायचा, नाडी बांधायचा, अंगठ्याने पुढचं टोक दाबून बघायचा. मग उठून ठरलेली वाक्यं म्हणायची: “उभं राहा. दोन पावलं टाका. घाई नाही. कुठे चावतोय का?” गिऱ्हाइकाला वाकावं लागता कामा नये, बोटसुद्धा हलवावं लागता कामा नये, हा त्याचा कायदा. धाकट्या मालकांनी मध्यंतरी विक्रेत्यांना बसायला बुटकी स्टुलं आणली होती. मामाने आपल्या स्टुलावर रिकामे खोके रचून ठेवले.

दिवसभर बस-ऊठ, बस-ऊठ. सत्तरी जवळ आली तरी चालूच. मग कधीतरी उठताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली.

कोणी शहाणा माणूस असता तर डॉक्टरकडे गेला असता. मामाने युक्ती काढली. बूट चढवून झाला की तो लगेच उठायचाच नाही. एक हात खुर्चीच्या पायावर, मान खाली, नजर बुटावर, तसाच थांबायचा. मग सावकाश अर्धा उठायचा, पुन्हा थांबायचा, पुन्हा बुटाकडे बघायचा. डोकं जागेवर आलं की पूर्ण उभा.

गिऱ्हाइकांना वाटलं, हा माणूस आपल्या पायाचा विचार करतोय. घरात आपला विचार कोणी करत नाही, आणि इथे एक पांढऱ्या केसांचा मनुष्य आपल्या करंगळीपाशी गुडघा टेकून गंभीर झालाय! लोक विरघळायचे. एक जोड घ्यायला आलेले दोन घेऊन जायचे. काहीजण तर म्हणायला लागले, “ते विचार करणारे काका आहेत का? मग थांबतो.”

धाकटे मालक खूश. व्यवसायातलं आपल्याला फार कळतं असा त्यांचा समज होता आणि तो मोडायची कोणाची हिंमत नव्हती. त्यांनी फर्मानच काढलं: यापुढे प्रत्येक विक्रेत्याने उठण्याआधी क्षणभर चिंतन करायचं. झालं! सगळं दुकान एका गुडघ्यावर, मान खाली घालून बसायला लागलं. एक विक्रेता तर दुपारी चिंतन करता करता घोरायला लागला.

मामाने तोंड उघडलं नाही. खरं सांगितलं तर मालक आपल्याला गल्ल्याजवळच्या खुर्चीत नेऊन बसवतील, ही त्याची भीती. तिथे बसून करायचं काय, तर पिशवीत खोका घालायचा आणि ‘पुन्हा या’ म्हणायचं. त्याच्या मते ते जिवंतपणी फोटोला हार घातल्यासारखं होतं.

घरी मामीला शंका यायला हवी होती. सकाळी पलंगावरून उठला की हा कपाट धरून तसाच उभा राही. मामीला वाटे, शर्ट निवडतोय. “अहो, दोनच शर्ट आहेत! त्यात एवढं काय ठरवायचंय?” असं म्हणून ती आत निघून जायची.

पुढचं मला दुकानातल्या मोजेवालीने सांगितलं. ही बाई मोज्यांच्या काउंटरवर असते आणि तिच्या नजरेतून माशी सुटत नाही. त्या दिवशी एक भारदस्त बाई तपकिरी बूट बघायला आल्या होत्या. मामाने डावा बूट चढवला, टोक दाबलं. तेवढ्यात मालकांनी लांबून हाक मारली, “काका, काळ्यात आठ नंबर आहे का हो?” आणि मामा सवयीने ताडकन उठला. थांबायचं राहिलंच. अर्धा उठला आणि तसाच खाली बसला, कपाळ त्या बाईंच्या गुडघ्यावर.

कोणीही हललं नाही. बाईंनी त्याची कीर्ती ऐकली होती. त्या श्वास रोखून बसल्या. इतर गिऱ्हाइकांनी बोलणं थांबवलं. धाकट्या मालकांनी हळूच बाकीच्यांना खूण केली, बघा, शिका जरा! एवढं खोल चिंतन आजवर कोणाचं झालं नव्हतं.

मग मामाच्या गळ्यातली फीत सुटून शूहॉर्न खणकन फरशीवर पडला. मोजेवाली म्हणाली, “काकांनी तो कधी खाली पडू दिला नव्हता, आणि पडूनही ते बघेनात. मी ओरडलेच, अहो ते विचार नाही करत, ते गेलेत!” गेला नव्हता. पाणी मारल्यावर शुद्धीवर आला आणि पहिलं वाक्य बोलला, “आठ नंबर वरच्या फळीवर.” भारदस्त बाई बूट न घेताच घाबरून निघून गेल्या.

डॉक्टरीणबाईंकडे मी आणि मामी घेऊन गेलो. सगळ्या तपासण्या झाल्या. त्या म्हणाल्या, “हृदयाला रोग नाही. वय आहे. वयानुसार त्याची भिंत थोडी जाड होते, कडक होते. दाबायचं काम ते अजून नीट करतं, पण सैल पडायला वेळ लावतं, म्हणून रक्त भरायलाही वेळ लागतो. रक्तवाहिन्याही ताठर झाल्यात.”

“म्हणजे चामडं वाळलंय,” मामा म्हणाला.

“तसं म्हणा. आता तुम्ही उठता तेव्हा रक्त पायांकडे ओढलं जातं. तरुण माणसाचं हृदय लगेच धडधडून ते वर पाठवतं. तुमच्या हृदयाला निरोपच उशिरा पोचतो, आणि पोचला तरी ते पूर्वीइतकं पळू शकत नाही. तेवढा वेळ डोकं उपाशी.”

“जन्मभर पायांचंच केलं,” मामा म्हणाला, “आता रक्तही तिकडेच जाऊन बसायला लागलं.”

“नुसते पाय, पाय!” मामी कडाडली. “तुम्ही कपाटापाशी मरायला टेकला होता आणि मी शर्टावरून बोलत होते!” मग ती तिथेच रडायला लागली, आणि मामाची मस्करी एकदम बंद पडली.

मामा बरीच वर्षं घेत असलेल्या रक्तदाबाच्या गोळीचं प्रमाण डॉक्टरीणबाईंनी बदललं, पाणी जास्त प्यायला सांगितलं. उठण्याआधी पोटऱ्या हलवायच्या, टप्प्याटप्प्याने उठायचं. “आणि गुडघ्यावर बसायचंच असेल तर उठताना कोणीतरी हात द्यायला हवा. एकट्याने नाही.”

हे ऐकून मालकांनी अट घातली. हात देणारं कोणी असेल तर पायाशी, नाहीतर गल्ल्याजवळ. आणि हात कोण देणार? बाकीचे विक्रेते आपापल्या गिऱ्हाइकांत. उरलं समोर बसलेलं गिऱ्हाईक. ज्याला बोट हलवू द्यायचं नाही त्याच्याकडे हात मागायचा! “त्यापेक्षा पिशवीत खोके घालतो,” मामा म्हणाला आणि आठवडाभर घरी भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला तसं बघून मला फार वाईट वाटलं, आणि त्याचा रागही आला.

मामीने एका सकाळी पर्स उचलली. “मला बूट घ्यायचेत. चला.” नवऱ्याच्या दुकानाची पायरी ती कधी चढली नव्हती. चपला ती समोरच्या दुकानातून घ्यायची, केवळ मामाला डिवचायला. मीही मागोमाग गेले.

मामी खुर्चीत बसली. मामाचा नाइलाज झाला. तो गुडघ्यावर उतरला, बूट चढवला, नाडी बांधली, टोक दाबलं. बायकोचं पाऊल हातात आल्यावर तो काहीतरी पुटपुटला, मला फक्त “एवढ्या भेगा?” ऐकू आलं. मग पोटऱ्या हलवल्या आणि थांबला. दुकान बघत होतं. मालक गल्ल्यामागून बघत होते. मामीने हात पुढे केला.

“गिऱ्हाइकाने हात द्यायचा नसतो,” मामा हळू आवाजात म्हणाला.

“मग गिऱ्हाइकाने संध्याकाळपर्यंत इथेच बसायचं का? धरा!”

त्याने धरला. अर्धा उठला, थांबला. चेहरा पांढरा झाला, मग हळूहळू रंग परतला. पूर्ण उभा राहिला तरी मामीने हात सोडला नाही.

“दोन पावलं टाका,” ती म्हणाली. “घाई नाही.”

मामाने दोन पावलं टाकली.

“कुठे चावतोय का?”

“नाही,” मामा म्हणाला. डोळे पुसायला त्याने खिशातली मोजपट्टीच काढली, आणि मला हसूही आलं आणि रडूही.

शेजारच्या खुर्चीत कोणीतरी घसा साफ केला. त्या भारदस्त बाई होत्या, राहिलेले तपकिरी बूट घ्यायला आलेल्या. मामा वळेपर्यंत त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली होती आणि उजवा हात मोकळा करून घेतला होता.