स्तोत्रम् म्हणजे गाणं नव्हे

बाबा, नगरच्या स्टेशनावर गाडी सुटताना तुम्ही खिडकीशी आलात, डब्याची पिशवी आत दिलीत आणि एवढंच म्हणालात, "तिकडं जाऊन मुकी होऊ नकोस." यांची बदली चेन्नईला, आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात झाली होती, जाणं भाग होतं. पण आपल्या चर्चमध्ये तुमच्या ढोलकीवर मी लहानपणापासून गात आलेली. परक्या भाषेत तो आनंद मिळेल, की माझं गाणं नगरलाच राहील, ही धास्ती मी कुणाला बोलून दाखवली नाही.

क्वार्टरमध्ये सामान लावायचं निमित्त करून तीन रविवार चुकवले. चौथ्या रविवारी हे मला ओढतच घेऊन गेले. चर्चच्या दारात आमच्या शेजारच्या आजी होत्या. त्यांनी हात जोडले, म्हणाल्या, "स्तोत्रम्." मी नुसती हसले. आत पाळकांनी नवं कुटुंब म्हणून आम्हाला उभं केलं, माझ्या हातात माइक दिला आणि तेही म्हणाले, "स्तोत्रम्." पाठोपाठ सगळी सभा तेच म्हणाली. मला वाटलं, झालं! बायको गाते म्हणून यांनी सगळीकडे सांगून ठेवलंय आणि आता ही माणसं माझ्याकडे स्तोत्र मागतायत. मी यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि गायला लागले. तुमचंच गाणं, 'घर' शब्दावर समेला येणारं.

पहिलं कडवं मी एकटीच गायले. धृपदाला मागून टाळी आली. मग ड्रमवाल्यानं ठेका पकडला आणि एकही शब्द न कळता अख्खी सभा माझ्यामागे गाऊ लागली, बायका वरच्या सुरात, पुरुष खालच्या. आपल्याकडे सगळे एकाच सुरात गातात. असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला. तेवढा आनंद मला पेलवेना, मी माइक दोन्ही हातांनी धरून ठेवला.

परतताना हे हसू दाबत म्हणाले, स्तोत्रम् म्हणजे इथला नमस्कार. लोकांनी फक्त या-बसा केलं होतं. लाजेनं मी दोन दिवस आजींना तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी आजीच वही-पेन घेऊन दारात हजर. मी एकेक शब्द सावकाश म्हणत गेले, त्यांनी गाणं तमिळ लिपीत उतरवून घेतलं.

आता ते गाणं तिथलंच झालंय. त्यांच्या लिपीत क, ग, घ सगळ्यांना मिळून एकच अक्षर, त्यामुळे 'घर'चं 'गर' झालं. सुरुवातीला मी दुरुस्त करायची, मग नाद सोडला.

मागच्या नाताळला नगरला आले. तुम्ही ढोलकी घेतलीत, मी गायला उभी राहिले आणि भर चर्चमध्ये माझ्याच तोंडून 'गर' निघालं. पोरी फिदीफिदी हसल्या. मला मात्र भरून आलं. तुमच्यासमोर उभी असून आवडीतल्या त्या माणसांची इतकी आठवण आली, की कुठल्या घरी आलेय आणि कुठलं सोडून आलेय, तेच कळेना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ठेका न सोडता पुढच्या समेला तुम्हीही मोठ्यानं म्हणालात, "गर." मग सगळं चर्च तसंच गायलं.